दोन शिक्क्यांच्या मधली भट्टी

नागपुरातल्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात गेलात तर गल्ल्यामागच्या भिंतीकडे एकदा बघा. अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर असलेला कागद तिथे काचेत लावलेला दिसेल. मालक दक्ष असेल तर शेजारी अग्निसुरक्षेचा दाखलाही असेल. मग जमलं तर आत स्वयंपाकघरात जा. सिलिंडरच्या गळ्याशी पट्टीवर पुढच्या चाचणीची तिमाही आणि साल रंगवलेलं असतं. नळी चांगली घेतली असेल तर तिच्यावर आयएसआय छापलेलं असतं. आणि सकाळी सहाला पेटून रात्री अकराला विझणारी भट्टी मात्र कोरी असते. कोणी बनवली, कधी बनवली, किती दाबाच्या गॅसवर चालवायची, यातलं काहीही तिच्यावर लिहिलेलं नसतं.

मी १८ वर्षं मेडिकल चौकाच्या परिसरात मेस चालवते. दोन वेळचे मिळून दीडशे डबे आणि ताटं. या १८ वर्षांत तपासणीला आलेल्या प्रत्येकाने काही ना काही मागितलं. पाण्याचा अहवाल मागितला, काम करणाऱ्यांचे वैद्यकीय दाखले मागितले, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचून गेले. ही भट्टी कुठून आणली, असं एकानेही विचारलं नाही. तो प्रश्न विचारणं सक्तीचं व्हावं असं मला वाटतं. व्यावसायिक स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पेटत्या आणि फिरत्या यंत्राला स्वतःची ओळख हवी, स्वतःची तपासणी हवी. आणि याची सुरुवात नागपूरने करावी.

नागपूरनेच का, तर हे काम जाणणारी माणसं याच गावात बसतात. देशातल्या प्रत्येक गॅस सिलिंडरच्या आणि त्याच्या व्हॉल्व्हच्या रचनेला मान्यता देणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ पासून चालत आलेलं हे खातं आहे. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. भारतीय मानक ब्यूरोची शाखा इथे आहे. एवढं ज्ञान ज्या गावात आहे, तिथली भट्टी इतवारीतल्या किंवा हिंगणा रोडवरच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे डोळ्यांच्या अंदाजाने बनते आणि अंदाजानेच पेटते.

असं का होतं, ते नीट पाहिलं पाहिजे. आपले परवाने जागेला आणि धंद्याला मिळतात. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालच्या नियमांत अन्नाला लागणारी भांडी-उपकरणं न गंजणारी आणि सहज धुता येणारी हवीत, असं आहे. त्याचा रोख अन्नाच्या शुद्धतेवर आहे, आणि तो बरोबरच आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही २००६ चाच. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घेऊन द्यावा लागतो. तो इमारतीतली आग विझवायची साधनं चालू आहेत की नाहीत ते सांगतो. सिलिंडर पेसोकडे, नळी आणि रेग्युलेटर मानक ब्यूरोकडे. प्रत्येक खातं आपापल्या टोकाशी चोख आहे. मधला भाग कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, आणि स्वयंपाक करणारा माणूस उभा असतो तो नेमका तिथे.

घरच्या शेगडीचं तसं नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून एलपीजीच्या घरगुती शेगडीला आणि घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. दोन्ही आदेशांच्या नावातच 'घरगुती' हा शब्द आहे. चार माणसांचा वरणभात शिजवणारी शेगडी तपासलेली पाहिजे, हे आपण कायद्याने मान्य केलं. दीडशे माणसांचा वरणभात शिजवणाऱ्या भट्टीबद्दल आपला आग्रह तिथेच सैल पडला. मानकच नाही असंही म्हणता येत नाही. आयएस ५११६ हे एलपीजीवरच्या घरगुती आणि व्यावसायिक, दोन्ही प्रकारच्या उपकरणांसाठीच्या सर्वसाधारण अटींचं मानक आहे. सिलिंडर कसे मांडायचे, पाइप कसा न्यायचा, यासाठी आयएस ६०४४ आहे. २०२५ च्या विद्युत उपकरणांच्या आदेशात 'घरगुती'च्या जोडीला 'व्यावसायिक' हा शब्दही आला, पण तो विजेवरच्या यंत्रांपुरता. गॅसच्या भट्टीवर असा शिक्का मला आजवर कोणत्याही खानावळीत दिसलेला नाही.

भट्टीवर शिक्का नसेल तर बिघडतं काय? मी आमच्याच भट्टीचं सांगते.

भाताचा गंज उतू गेला की पेज बर्नरवर सांडते आणि ज्योत विझते. मोठ्या बर्नरवर ते लगेच लक्षात येत नाही, कारण शेजारचे दोन बर्नर धडधडत असतात आणि एक्झॉस्टचा आवाज असतो. विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहतो. घरच्या शेगडीवर येणारा गॅस अगदी हलक्या दाबाचा असतो. भट्टीला लावतात ते हाय प्रेशर रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पट दाब सोडतं. एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. खाली पसरतो, मोरीत उतरतो, टेबलाखाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरे, आणि ती ठिणगी फ्रिजच्या कॉम्प्रेसरची सुद्धा असू शकते.

यावर उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. ज्योतीला लागून दोन वेगळ्या धातू जोडून केलेली एक बारीक दांडी बसवतात, थर्मोकपल. ती तापलेली असते तोवर तिच्यात नाममात्र वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर एक छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की दांडी थंड होते, चुंबक सोडून देतो, गॅस बंद. बाहेरून वीज लागत नाही. उपकरण प्रमाणित आहे म्हणजे अशा गोष्टी त्यात आहेत आणि कोणीतरी ज्योत मुद्दाम विझवून, हातात घड्याळ घेऊन, गॅस किती सेकंदांत बंद होतो ते पाहिलं आहे. प्रमाणपत्र हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे कागद येतो. माझ्या डोळ्यांपुढे ती दांडी यायला लागली, तेव्हा मला या विषयाचं महत्त्व कळलं.

१६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात गॅसमुळे लागलेल्या आगीत आठ जण गेले. त्यातले बहुतेक दुपारी जेवायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी होते. माझ्याकडे येणारी मुलं त्याच वयाची आहेत.

आता शिक्क्यांबद्दल, कारण बाजारात त्यांचा फार गोंधळ आहे. एका चकचकीत मशीनवर चार-पाच चिन्हं असतात आणि विकणारा सगळी एकाच दमात 'सर्टिफाइड' म्हणून खपवतो. प्रत्येक चिन्ह वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. अमेरिकेतली यूएल ही संस्था १८९४ पासूनची. या यंत्रामुळे विजेचा झटका बसेल का, आग लागेल का, हा तिचा मूळ प्रश्न. एनएसएफ १९४४ मध्ये अमेरिकेतल्याच ॲन आर्बरला सुरू झाली. कोपऱ्यात अन्न अडकतं का, वेल्डिंगची शिवण गुळगुळीत आहे का, पुसता येतं का, हे ती बघते. म्हणजे एनएसएफचं चिन्ह असलेलं टेबल स्वच्छ राहण्याजोगं आहे, एवढंच त्यावरून कळतं. सीई हे युरोपच्या बाजारात माल विकण्यासाठीचं चिन्ह आहे. विजेवरच्या बऱ्याच वस्तूंवर ते उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. गॅसच्या उपकरणाला मात्र तिथेही त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते. आपल्याकडे सीईला आयएसआयच्या जागी धरता येत नाही. आणि आयएसओ ९००१ हे तर यंत्राचं प्रमाणपत्रच नव्हे, ते कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं आहे. कॅटलॉगवर ते सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, म्हणून सगळ्यात जास्त फसगत त्यानेच होते.

आयएसआय चिन्ह पाहिलं तरी तिथे थांबू नये. त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणाचा, कुठल्या वस्तूसाठी, चालू आहे की संपला, सगळं दिसतं. सगळं मिळून एका मिनिटाचं काम आहे. मी एकदा दुकानात उभं राहून रेग्युलेटरचा नंबर घातला, तर परवाना निघाला भलत्याच वस्तूचा. दुकानदाराने काही न बोलता ते परत कपाटात ठेवलं आणि दुसरं काढून दिलं. आपण तपासतो आहोत एवढं दिसलं तरी पुरतं.

स्टीलबद्दल थोडं. टेबल किंवा सिंक घ्यायला गेलं की चुंबक लावून दाखवतात. "बघा ताई, चिपकून नाही राह्यलं, म्हणजे तीनशे चार." हे खरं नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं, आणि तेही चुंबकाला चिकटत नाही. मीठ, चिंच, सावजीची तर्री यांच्या रोजच्या संगतीत दोघांमधला फरक दिसून येतो, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात. बिलावर ग्रेड लिहून मागावी, एवढं आपल्या हातात आहे.

पण शिक्का खरा असला, यंत्र चांगलं असलं, तरी गोष्ट संपत नाही. हे मी फार वाईट पद्धतीने शिकले. सहा वर्षांपूर्वी मी बंद पडलेल्या एका खानावळीतून विजेवरचा फ्रायर विकत घेतला. चांगल्या बनावटीचा होता, चिन्हंही होती. अशा फ्रायरमध्ये तापमानाचे दोन वेगळे पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट, जो तेल १७०-१८० अंशांवर राखतो. दुसरा कटआउट, जो पहिला बिघडला तरच जागा होतो, वीज तोडतो आणि कोणीतरी हाताने बटण दाबेपर्यंत ती परत येऊ देत नाही. आमच्या फ्रायरचा थर्मोस्टॅट एका संध्याकाळी चिकटला. तेल तापत गेलं, धूर आला, आणि पेटलं. आमच्या मावशींनी प्रसंगावधान राखून मोठं झाकण टाकलं, पण त्यात त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. नंतर इलेक्ट्रिशियनने खालचा पत्रा उघडून दाखवला. दुसरा पहारेकरी होताच, पण त्याच्या दोन्ही टोकांना एक वायर जोडून टाकली होती. "कोणीतरी डायरेक्ट करून ठेवलं ना ताई हे." घडोघडी ट्रिप होतं म्हणून आधी कोणीतरी ते केलं असणार. प्रमाणपत्र नव्या यंत्राला मिळालं होतं. आमच्यापर्यंत आलं ते वेगळंच यंत्र होतं, फक्त नाव जुनं.

मावशी दीड महिन्याने कामावर आल्या. त्या हातावरचा डाग मी रोज बघते.

म्हणून मी खरेदीच्या वेळच्या शिक्क्याइतकाच आग्रह पुढच्या तपासणीचा धरते. भट्टीच्या बाबतीत तर बदल सर्रास होतात. ज्योत कमी वाटली की नोझलचं भोक ड्रिलने मोठं करतात. नळी तडकली की वेल्डिंगच्या गॅसची किंवा पाण्याची ब्रेडेड नळी लावतात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. ग्राहक बसलेले असतात, भूक लागलेली असते, हाताशी जे आहे ते लावलं जातं.

सगळ्यात मोठं भगदाड आहे ते भाड्याच्या सामानात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुळशीचं लग्न झालं की नागपुरात लॉन भरायला लागतात. आचारी येतो तो झारा आणि माणसं घेऊन. भट्ट्या, गंज, कढया, नळ्या, सगळं बिछायत केंद्रातून येतं. आज वर्धा रोडला, उद्या कोराडी रोडला. टेम्पोतून उतरवताना भट्टी आपटते, बर्नर वाकतो, नळी काढली-लावली जाते. त्या भट्टीचा मालक जेवण बनवत नाही म्हणून त्याला अन्न परवाना लागत नाही. लॉनवाला म्हणतो, स्वयंपाक कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणतो, सामान बिछायतवाल्याचं. तिथे किती सिलिंडर ठेवता येतात, तेही फार थोड्यांना ठाऊक असतं. गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. पाच म्हणजे ९५ किलो. सहावा आणला की ११४. मी स्वतः एका लग्नात मांडवाच्या कापडाला खेटून आठ मोजले होते, मे महिन्यात, दुपारी, ४५ अंशांच्या उन्हात. ज्याला सांगायला गेले तो म्हणाला, "काही होत नाही ना वो ताई, वीस वर्षांपासून करून राह्यलो."

हे 'काही होत नाही' मी हलक्यात घेत नाही. तो माणूस अनुभवी आहे आणि खरंच वीस वर्षांत त्याच्याकडे काही झालेलं नसेल. पण ज्याच्याकडे झालं, तो हे सांगायला पुन्हा कामावर येत नाही, म्हणून आपल्या कानांवर नेहमी वाचलेल्यांचाच अनुभव पडतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत दम आहे. पहिला फॅब्रिकेटरांचा. चाचणी, परवाना, त्याची फी हे सगळं मोठ्या कंपनीला जमेल. चार माणसांच्या दुकानाला नाही. उद्या सक्ती झाली तर इतवारीतली दुकानं बंद होतील आणि भट्टी तिप्पट किमतीला बाहेरून येईल. मला हे अजिबात नको आहे. माझी पहिली भट्टी ज्यांनी बनवली त्यांनी निम्मे पैसे सहा महिन्यांनी घेतले होते. तेवढा विश्वास कोणती कंपनी दाखवेल? म्हणून सक्ती आधी सुट्या भागांपासून सुरू करावी. ज्योत विझताच बंद होणारा व्हॉल्व्ह, मानकाची नळी, मानकाचं रेग्युलेटर. भट्टीचा सांगाडा फॅब्रिकेटरने बनवावा, त्यात तपासलेले भाग घालावेत. आणि पूर्ण भट्टीच्या चाचणीची सोय गावातच व्हावी. नागपुरात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संस्था आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. एखाद्या प्रयोगशाळेत बर्नरची चाचणी उभी करून दहा-बारा दुकानांनी मिळून एक नमुना तपासून घेतला, तर खर्च वाटला जाईल. पेसोच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून दोन दिवस त्या दुकानदारांसाठी काढले तरी किती फरक पडेल.

दुसरा आक्षेप माझ्यासारख्याच मेसवाल्यांचा. आणखी एक कागद म्हणजे आणखी एक साहेब, आणखी एक खेप, आणि काय काय ते सगळ्यांना माहीत आहे. याचं उत्तर मी असं देते की मी कागद मागतच नाही आहे. मला यंत्रावर ठोकलेली पट्टी हवी आहे. बनवणाऱ्याचं नाव, साल, गॅसचा प्रकार, दाब. कागद कपाटात राहतो आणि तो दाखवायचा की नाही यावरून व्यवहार होतो. पट्टी सगळ्यांना दिसते. आणि नवा साहेब तरी कशाला? फॉर्म बी देणारी एजन्सी वर्षातून दोनदा येतेच. त्याच फेरीत तिने भट्टी, नळी, रेग्युलेटर, फ्रायरचा कटआउट तपासावा आणि फॉर्ममध्ये तशा ओळी असाव्यात. बिछायत केंद्रांना महापालिकेने एवढंच सांगावं की पट्टी नसलेली भट्टी भाड्याने द्यायची नाही. पोषण आहाराची मोठी स्वयंपाकघरं, वसतिगृहं, दवाखान्यांचे कॅन्टीन यांच्या निविदांत ही अट आधी घालता येईल. तिथे ग्राहक सरकारच आहे, नवा कायदा लागत नाही.

मी माझ्यापुरतं एक केलं आहे. स्वयंपाकघरात दाराशी एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर सिलिंडरची चाचणी तारीख, रेग्युलेटरचा परवाना क्रमांक, नळी कधी बदलली, फ्रायरचा कटआउट कधी दाबून पाहिला, हे लिहितो. लिहायचं काम मावशींकडे आहे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे रकाने भरले आणि पेन हातात धरून थांबल्या. "ताई, भट्टीचं काय लिहू?" तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतं. तो रकाना अजून रिकामा आहे.

त्यानंतर मी फॅब्रिकेटरकडे गेले. तीनही बर्नरना थर्मोकपलचे व्हॉल्व्ह लावून नवी भट्टी हवी, म्हटलं. तो म्हणाला, "लावून देतो ना ताई, त्यात काय. थोडे पैसे जास्त लागतील. आजपर्यंत कोणी मागतलंच नाही." भट्टी दिवाळीआधी येईल. तिच्या पुढच्या बाजूला पितळी पट्टी बसवायची ठरली आहे. अक्षरं मराठीत आणि मोठी खोदून दे, असं मी त्याला सांगून आले आहे, कारण ती मावशींना वाचता आली पाहिजे.